किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात कोण कोण राहतं, हे पुण्यात बसून कसं शोधायचं

माझं माहेर रत्नागिरी, आणि लग्नानंतरचं सगळं आयुष्य पुण्यात, कर्वेनगरला. मध्ये माझी भाची घरी आली, तिला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालंय, समुद्रकाठचं एक छोटं शहर घ्यायचं आणि तिथली वांशिक रचना लिहायची, म्हणजे कोणत्या वंशाचे कोणत्या समाजाचे लोक किती टक्के. तिने आजोळ म्हणून रत्नागिरी घेतलं आणि मावशी तू मदत कर म्हणाली. आम्ही दोघी तीन रविवार लॅपटॉप घेऊन बसलो, मग एकदा जाऊनही आलो. यात जे जे कळलं ते इथे नीट लिहून ठेवतेय कारण हे कुठे एका ठिकाणी सांगितलेलं आम्हाला सापडलं नाही, आणि कोकणातल्या कुठल्याही शहराला, अलिबाग असो मालवण असो, हीच पद्धत चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे वंश हा शब्द बाजूला ठेवा. भाचीला नमुना म्हणून दिलेला कागद अमेरिकेतल्या एका शहराचा होता, त्यात गोरे इतके, काळे इतके, आशियाई इतके असे सरळ रकाने, कारण तिकडची जनगणना माणसाला हे थेट विचारते. आपली विचारत नाही. आपल्याकडे सगळ्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 साली, स्वातंत्र्यानंतर 1951 पासून फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती मोजतात. 2011 ला सामाजिक आर्थिक सर्वेक्षणात जात विचारली होती पण ते जातनिहाय आकडे बाहेर आलेच नाहीत. 2021 ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, आता 2027 मध्ये जी होणार आहे तिच्यात जात मोजायची ठरलंय. म्हणजे आज तुमच्या हातात शहराचा आकडा हवा असेल तर तो 2011 चाच, आणि त्यात तुम्हाला चार खिडक्या मिळतात: धर्म, मातृभाषा, अनुसूचित जाती-जमाती, आणि जन्म कुठे झाला किंवा आधी कुठे राहत होता. या चारातून बघून चित्र आपण जुळवायचं. एकाच खिडकीतून बघितलं तर चुकतं, आम्ही पहिल्या रविवारी तेच केलं आणि सगळं परत करावं लागलं.

डेटा जनगणनेच्या सरकारी वेबसाइटवर फुकट आहे, एक्सेलमध्ये डाउनलोड होतो. जिल्हा जनगणना पुस्तिका म्हणून पीडीएफ असते, तिचा ब भाग उघडा, त्यात शहराचे वॉर्डनिहाय आकडे असतात, एकूण लोक, बायका-पुरुष, अनुसूचित जाती, जमाती, कामकरी वगैरे. धर्मासाठी सी-1 टेबल, मातृभाषेसाठी सी-16, जन्मस्थान आणि स्थलांतरासाठी डी मालिकेतली टेबलं. रत्नागिरी जिल्ह्याचा 2011 चा कोड 528 आहे, तो लिहून ठेवा म्हणजे मोठ्या फाईलमध्ये शोधायला सोपं जातं. रायगडवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथे स्पेलिंग रायगढ असं केलेलं आहे आणि त्याच नावाचा छत्तीसगडमध्येही जिल्हा आहे, त्यामुळे राज्य महाराष्ट्र आहे ना हे आधी बघा, नाहीतर आदिवासींचा टक्का बघून चक्रावून जाल.

मग हद्द बघायची. रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या 2011 ला 76 हजारांच्या आसपास. पण रत्नागिरीचा माणूस ज्याला रत्नागिरी म्हणतो ते एवढंच नाही, स्टेशनकडे कुवारबाव, इकडे नाचणे, मिरजोळ्याची एमआयडीसी, हे सगळं तेव्हा ग्रामपंचायतींचं, म्हणजे शहराच्या आकड्यात नाही. आणि कामासाठी बाहेरून आलेली माणसं बरीचशी खोली भाड्याने घेतात ती याच कडेच्या गावांत. तेव्हा फक्त नगरपरिषद घेतली तर शहर आहे त्यापेक्षा जुनं आणि स्थानिक दिसतं. आम्ही शहर वेगळं मांडलं आणि लागूनची गावं वेगळी मांडली, एकत्र बेरीज केली नाही, पण दोन्ही शेजारी ठेवली.

आता धर्माचं टेबल. फॉर्ममध्ये हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन यांना कोड असतात आणि बाकी धर्म असेल तर नाव लिहायचं. इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे तो बौद्ध आणि अनुसूचित जाती यांचा. भाचीने पहिल्यांदा काय केलं, हिंदू इतके टक्के, मुस्लिम इतके, बौद्ध इतके, आणि खाली अनुसूचित जाती इतके टक्के असं एका वर्तुळात बसवलं, बेरीज शंभरच्या वर गेली. मलाही पटकन लक्षात आलं नाही. कारण असं की 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली त्यानंतर कोकणातही गावंच्या गावं बौद्ध झाली (बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलंच), पण बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या यादीत धरायचं नाही असा नियम होता तो 1990 ला बदलला. त्यामुळे 2011 मध्ये एकच माणूस धर्माच्या टेबलात बौद्ध आणि दुसऱ्या टेबलात अनुसूचित जातीत असू शकतो, किंवा एकाच भावकीतला एक जण धर्म बौद्ध लिहून जातीचा रकाना मोकळा सोडतो आणि दुसरा हिंदू लिहून जात लिहितो. ही दोन टेबलं कधीही बेरजेत घ्यायची नाहीत, वेगवेगळी लिहायची, आणि खाली एका ओळीत सांगायचं की हे लोक एकमेकांत मिसळलेले आहेत. आणि 1990 च्या आधीच्या जनगणनेशी तुलना करत असाल तर अनुसूचित जातींचा टक्का अचानक वाढलेला दिसेल, ती माणसं बाहेरून आलेली नाहीत, नियम बदललाय एवढंच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण अशा आकड्यावरून लोक काहीही बोलतात.

हिंदू हा रकाना तर इतका मोठा आहे की त्यातून शहर काही कळतच नाही. भंडारी, कुणबी, मराठा, खारवी, चित्पावन, कऱ्हाडे, तेली, सोनार सगळे त्यात. रत्नागिरीत या समाजांशिवाय काही समजणारच नाही, पतितपावन मंदिर 1931 ला उभं राहिलं ते भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून, ते भंडारी समाजाचे, आणि मंदिर सगळ्या जातींना खुलं. पण भंडारी किती टक्के असं तुम्हाला कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा कुठल्या टेबलात आहे, कारण 2011 च्या जनगणनेत तसं टेबल नाहीच. प्रोजेक्टमध्ये अशा ठिकाणी टक्के लिहायचे नाहीत, समाजाचं नाव, वस्ती आणि धंदा लिहायचा.

मुस्लिम रकान्याचंही तेच. बाहेरच्याला वाटतं एक समाज. राजिवड्याला, मिरकरवाड्याला मासेमारी करणारी दालदी मंडळी आहेत, शहरात आणि आजूबाजूच्या गावांत जुने कोकणी मुसलमान आहेत ज्यांच्या घरातून पिढ्यान् पिढ्या आखाती देशात, आफ्रिकेत माणसं गेली, आणि अलीकडे उत्तरेकडून कामाला आलेले आहेत. तिघांच्या घरातलं बोलणं वेगळं, लग्नसंबंध वेगळे.

इथून भाषेच्या टेबलाकडे जाऊ, माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारं आणि सगळ्यात जास्त फसवणारं टेबल हेच. प्रगणक, म्हणजे घरोघरी मोजणीला येणारा माणूस, विचारतो मातृभाषा कोणती, घरातला जो कुणी दार उघडतो तो जे सांगेल ते लिहायचं असतं. घरात कोकणी बोलणारं मुसलमान कुटुंब उर्दू सांगू शकतं कारण मुलं उर्दू शाळेत जातात, शेजारचं तसंच कुटुंब मराठी सांगतं, तिसरं कोकणी. तिन्ही घरात बोलणं एकच! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी भाषांची पाहणी केली तेव्हा दालदी बोलीची वेगळी नोंद केली होती, रत्नागिरी, जंजिरा, कारवारकडच्या मुसलमान मच्छीमारांची बोली म्हणून. आजच्या टेबलात तिला शोधून बघा, मिळायची नाही. संगमेश्वरी बोली बोलणारा मराठीच सांगतो, ते बरोबरही आहे. मालवणी मात्र कोकणीच्या खाली धरतात, आणि देशभरात मालवणी सांगणाऱ्यांचा आकडा एकट्या सिंधुदुर्गाच्या लोकसंख्येच्या जवळपासही येत नाही, कारण बहुतेकांनी मराठी सांगितलं.

अजून एक, टेबलात आधी मोठी भाषा असते आणि तिच्या खाली मातृभाषा. हिंदी म्हणून जो आकडा असतो त्यात भोजपुरी, राजस्थानी, इतकंच काय बंजारा लोकांची लमाणी पण आत. देशाचे 52 कोटी हिंदी म्हणतात त्यातले 5 कोटी तर भोजपुरीच. त्यामुळे रत्नागिरीच्या पानावर हिंदी बघितलं की उत्तर प्रदेश-बिहार असं लगेच लिहून टाकू नका, खालच्या ओळी उघडा, रस्त्याच्या कामाला विजापूरकडून आलेलं लमाणी कुटुंब पण त्यातच असेल. आणि देशभरात ज्या भाषेचे 10 हजारापेक्षा कमी लोक, ती इतर मध्ये जाते. रेवदंड्याजवळ कोर्लई गावात ख्रिश्चन वस्ती पोर्तुगीज-मराठी मिसळलेली एक स्वतःची भाषा बोलते, पोर्तुगीज 1740 ला गेले तिथून, भाषा राहिली, साधारण हजारभर लोक. जगात दुसरीकडे कुठे नाही ती. जनगणनेच्या टेबलात तिला नाव नाही.

अलिबाग घेणाऱ्यांसाठी इथेच दोन गोष्टी सांगते. एक, कोळी म्हटलं की अनुसूचित जमात असं धरू नका, महादेव कोळी, मल्हार कोळी त्या यादीत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. जमातीचा जो आकडा रायगडात दिसतो तो मुख्यतः कातकरी, ठाकूर यांचा. दुसरं, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. शहराच्या टेबलात ते इतर धर्म या एका रकान्यात जातात आणि भाषेत मराठीत, म्हणजे दोन्हीकडून दिसेनासे. बरेच जण इस्रायलला गेले, काही आधीच मुंबई-पुण्याला आले, आपल्या रास्ता पेठेतलं सिनेगॉग त्यांचंच. अलिबागवर प्रोजेक्ट करणाऱ्या पुणेकराने आधी रास्ता पेठेत जाऊन चौकशी करावी, गावाची माहिती गावाबाहेर गेलेल्यांकडे जास्त असते.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. किनाऱ्यावरच्या शहरात कोण राहतं याचं उत्तर कुठल्या महिन्यात विचारलं यावर असतं. 2011 ची गणना झाली 9 ते 28 फेब्रुवारी. त्या दिवसांत रत्नागिरीत काय चालू असतं? आंब्याचा मोहोर धरलेला असतो, फवारणी आणि राखण सुरू असते, होड्या समुद्रात जात असतात. म्हणजे बागांमध्ये आणि बोटींवर कामाला आलेली नेपाळी माणसं आहेत. पावसाच्या आधी आंबा संपतो, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा बरेचसे आपापल्या गावी निघतात. हीच शिरगणती जुलैमध्ये केली असती तर नेपाळी भाषेचा आकडा वेगळा आला असता. आणि फेब्रुवारीतसुद्धा प्रगणक बागेतल्या खोपटीपर्यंत गेला तर तो माणूस मोजला जाणार, बोटीवर झोपणारा तर अजूनच अवघड. म्हणून नेपाळी भाषेचा जो आकडा टेबलात दिसेल तो कमीत कमी आहे असं धरा.

शिवाय नेपाळी ही भाषा झाली, समाज नाही. आपल्याकडे सरसकट गुरखा म्हणून मोकळे होतात, मला ते पटत नाही. भारतात कामाला येणारे बरेच जण नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडून येतात, अछाम, डोटी, कैलाली अशा जिल्ह्यांतून, त्यात छेत्री असतात, दलित असतात, कैलालीकडचे थारू असतात आणि थारूंची तर भाषाच वेगळी. विचारलं तर सांगतात, आनंदाने सांगतात, आजपर्यंत कुणी विचारलंच नाही असं एक जण आम्हाला म्हणाला.

याच्या उलट चाकरमानी. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 बायका, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. हे वाचून कुणी कौतुक करतं, पण त्याचं मोठं कारण पुरुष मुंबईला आहेत हे आहे. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16,96,777 होती ती 2011 ला 16,15,069 झाली, वाढायची सोडून कमी झाली. ही गेलेली माणसं गणपतीला आणि शिमग्याला येतात, तेव्हा स्वारगेटवरून रत्नागिरीच्या गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही. फेब्रुवारीत ती इथे नसतात. म्हणजे गावच्या देवळात ज्यांचा मान आहे, ज्यांचं घर आहे, ती माणसं टेबलात नाहीत, आणि जी टेबलात आहेत त्यातली काही मे महिन्यात निघून जाणार. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक साधा बारा महिन्यांचा तक्ता काढा, कुठल्या महिन्यात कोण येतं कोण जातं. आमच्या भाचीच्या सरांना सगळ्यात जास्त तोच आवडला.

आडनावावरून समाज ओळखायचा मोह होईल, मतदारयाद्या मिळतातच. करू नका. पारकर हिंदू असतात आणि मुसलमानही, चौगुल्यांचं तसंच, आणि किहीम, पेण, रोहे अशा गावांच्या नावाला 'कर' जोडून झालेली कितीतरी आडनावं ज्यूंची आहेत. शिवाय ज्याने तुम्हाला काही सांगितलेलं नाही त्याच्यावर शिक्का मारणं बरोबरही नाही.

पुण्यात असल्याचा फायदा मात्र घ्या. बीएमसीसी रोडला गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी आहे, जुन्या जनगणनांचे खंड तिथे आहेत आणि त्यातलं बरंच त्यांनी स्कॅन करून ऑनलाइनही ठेवलंय. बाहेरच्याला बसू देतात का, काय कागद लागतात ते आधी फोन करून विचारा. ब्रिटिशांच्या काळातलं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटिअर 1880 चं आणि कुलाबा (आताचा रायगड)-जंजिऱ्याचं 1883 चं, त्यात समाजांवर पानंच्या पानं आहेत, पण जपून वाचा, अमुक जात आळशी तमुक जात लबाड असली वाक्यं लिहायची त्यांना सवय होती, ती उतरवून घ्यायची नाहीत. कुठे वस्ती होती, काय धंदा होता, किती घरं होती, एवढंच घ्यायचं. येरवड्याला डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकलंय, रत्नागिरीच्या वेगवेगळ्या समाजांचं बोलणं कानाने ऐकता येतं. आम्ही दोघींनी तो सगळा एक रविवार ऐकण्यातच घालवला, माझ्या आजीसारखं बोलणारी एक बाई त्यात आहे, मला रडायला आलं.

मग एकदा जाऊन या. पहाटे मिरकरवाडा जेटीवर जा, लिलावाच्या वेळी मध्ये उभं राहू नका, बाजूला थांबा, गर्दी ओसरली की मग बोला. जात कोणती, धर्म कोणता असं विचारायचंच नाही. काका, तुमचं मूळ गाव कुठलं, मावशी, घरात काय बोलता, बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख) कुठला आणि खलाशी कुठले, सुट्टीत कुठे जाता, मुलं कुठल्या शाळेत, एवढं विचारलं की बाकी ते आपण होऊन सांगतात. भाचीने एका चाचांना विचारलं तुम्ही घरी उर्दू बोलता का, ते म्हणाले उर्दू शाळेत, घरात आमची कोकणी, आणि दोन वाक्यं बोलून दाखवली. फोटो आणि रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको, नाव लिहायचं नाही, बोटीचा नंबरही नको.

थिबा पॅलेस बघून घ्या. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 ला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं, तो 1916 ला इथेच वारला. त्याची मोठी मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली, तिची मुलगी मराठी बोलत इथेच वाढली, लग्न करून पवारांच्या घरात गेली. आता हे कुटुंब कुठल्या रकान्यात टाकणार? भाषा मराठी, आडनाव कोकणातलं, म्हणजे टेबलात आपल्यासारखंच. भाचीने प्रोजेक्टमध्ये यासाठी वेगळं पान ठेवलं, आकडा नसलेलं.

लिहिताना प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी हव्यात, कुठलं टेबल, कुठलं साल, आणि हद्द कुठली, नगरपरिषद, तालुका की जिल्हा. भाषेचा तालुक्याचा शहरी आकडा घेतला असेल तर तसं लिहा, तो शहराचा म्हणून देऊ नका. टक्के दशांशात दोन-दोन आकडे देऊन काही मिळत नाही, साधारण चारात एक, दहात एक असं लिहिलं तरी चालतं. जिथे टेबल नाही तिथे रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी वस्तीचं नाव लिहा. आणि शक्य असेल तर दोन फेऱ्या करा, एक फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि एक जुलैत होड्या वर ओढलेल्या असताना, आमची दुसरी राहिलीय, या पावसात जाणार आहोत.